ऑक्सिजन सेन्सर बदलायचाय? आधी तो खरंच गेलाय का ते बघा

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज आहे. बाबांनी ट्रॅक्टर आणि डिझेल पंपांपासून सुरुवात केली. मी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आले, तेव्हापासून पेट्रोल गाड्या, स्कॅनर आणि वायरिंग माझ्याकडे. दर महिन्याला चार-पाच गाड्या तरी अशा येतात की मालक दार उघडतानाच सांगतो, "ताई, ओटू सेन्सर गेला, बदलून द्या." काही जण तर नवा सेन्सर पिशवीत घेऊनच येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा जुना सेन्सर ठणठणीत असतो.

म्हणून हे लिहितेय. सेन्सर बदलणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, हाताला सवय असेल तर घरच्या अंगणातही होतं. पण तो मेलाय की नाही हे आधी ठरवायला हवं, आणि आटे न तोडता तो बाहेर काढायला हवा. घोळ होतो तो या दोन ठिकाणी, त्यामुळे मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

मागच्या जानेवारीत मारेगावकडचे एक गुरुजी आले. छोटी पेट्रोल गाडी, इंजिनाची पिवळी लाईट पेटलेली. शहरातल्या एका दुकानात त्यांनी सेन्सर बदलून घेतला होता, तिसऱ्या दिवशी लाईट परत लागली. आता दुसरा सेन्सर विकत घेऊन आले होते. "ओरिजिनलच आणला बाप्पा, तरी काऊन लागून रायली लाईट?" गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, कोड पी-०१३५. म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. मी कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडला आणि सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींवर मीटर लावलं, सहा ओहमच्या आसपास दाखवलं. हीटर चांगला होता. मग इंजिन चालू करून गाडीकडच्या कपलरवर व्होल्ट बघितले, तर शून्य. फ्यूज शाबूत होता. टॉर्च घेऊन वायरीवर बोट फिरवत मागे मागे गेले. बॅटरीच्या ट्रेखाली काळी नळी कुरतडलेली, आतली तांब्याची तार हिरवी पडलेली, आणि बाजूला मूठभर कापूस अन् सरकीची टरफलं. गुरुजींची गाडी कापूस भरलेल्या खोलीच्या भिंतीला लागून उभी राहत होती. उंदरांनी कापसाचं घरटं थेट इंजिनाच्या उबेला केलं होतं. तार जोडली, लाईट गेली. पिशवीतला सेन्सर मात्र दुकानाने परत घेतला नाही. वायरिंगचा माल परत घेत नाही म्हणाले.

कोड सर्किटचं नाव सांगतो, बिघडलेल्या पार्टचं नाही. हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

सेन्सर काम कसं करतो

सायलेन्सरच्या नळीत खुपसलेलं हे बोटाएवढं यंत्र. आत झिर्कोनियाची एक छोटी टोपी असते, शिवणकामाच्या अंगुस्तान्यासारखी. तिच्या बाहेरून जळालेला धूर जातो आणि आत बाहेरची स्वच्छ हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की टोपीत वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, तर साधारण ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर ०.१ च्या आसपास. मधला ०.४५ म्हणजे मिश्रण बरोबर, शुद्ध पेट्रोलसाठी एका किलोला १४.७ किलो हवा. कॉम्प्युटर हा आकडा बघून इंजेक्टर क्षणाक्षणाला कमी-जास्त करत असतो. बॉशने बनवलेला असा सेन्सर पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांना लागला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि तो वावरात जाणाऱ्या मोटारसायकलींच्या सायलेन्सरवरही दिसायला लागला.

ही टोपी तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय वीज देत नाही, म्हणून आत हीटर असतो. हीटर गेला की सेन्सर नुसत्या धुराच्या उष्णतेवर उशिरा जागा होतो, आणि तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजाने जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. सकाळी शाळेपर्यंत तीन किलोमीटर, संध्याकाळी परत तीन, असं चालणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज यातच पडतं. ते जास्तीचं पेट्रोल कॅट कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं आणि तोही तापून खराब होतो. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे तो बदलायची वेळ आली तर सेन्सरच्या कितीतरी पट खर्च येतो. लाईट पेटलेली तशीच वर्षभर चालवू नका, हे मी कळकळीने सांगते.

बहुतेक गाड्यांना दोन सेन्सर असतात, एक कॅटच्या आधी, एक नंतर. पी-०१३० ते ०१३५ हे कोड पहिल्याचे, ०१३६ ते ०१४१ दुसऱ्याचे. ०१३५ आणि ०१४१ हे हीटरचे. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि ०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. या दोन्हींत सेन्सर बिचारा बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो. फाटलेला व्हॅक्यूम पाईप, कमी पडलेलं पेट्रोलचं प्रेशर, सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गॅसकेटमधून आत ओढली जाणारी हवा, हे आधी शोधा. पी-०४२० लागला की लोक मागचा सेन्सर बदलतात, पण तो कोड कॅट थकल्याचा असतो.

मेलाय का, हे बघायची रीत

मोबाईलला ब्लूटूथने जोडणारा छोटा स्कॅनर आता बऱ्याच जणांकडे आहे. इंजिन पूर्ण गरम करा, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. मग लाइव्ह डेटामध्ये पहिल्या सेन्सरचे व्होल्ट बघा. चांगला सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये सतत वर-खाली नाचतो. ॲक्सिलेटर एकदम दाबला की उडी मारून ०.८ च्या वर, सोडला की खाली. वर यायला तो रेंगाळत असेल, किंवा तो एकाच आकड्यावर बसून राहिला असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. मागचा सेन्सर याच्या उलट. कॅट चांगला असेल तर तो ०.६ ते ०.७ वर शांत बसतो. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला, तर दुखणं कॅटचं.

हे सगळं चार वायरींच्या साध्या सेन्सरसाठी. पाच वायरी असतील तर तो वेगळ्या जातीचा, त्याला व्होल्टचा हा हिशोब लावू नका.

हीटरची तपासणी गुरुजींच्या गाडीसारखीच. इंजिन थंड, कपलर सोडलेला, आणि सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन वायरींवर ओहम. एकेरी आकड्यापासून दहा-बारापर्यंत काही आलं तर हीटर जिवंत आहे, मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटला. मग इंजिन चालू करून गाडीकडच्या बाजूला बॅटरीइतके व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर फ्यूज आणि वायर, सेन्सरला हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट हल्ली रोज ऐकते, "ई-२० पेट्रोलनं सेन्सर खाल्ला." ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला पेट्रोलइतकी हवा लागत नाही, किलोला साधारण साडेतेरा किलो. जुन्या गाडीचा कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकून पेट्रोल थोडं वाढवतो आणि स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा, काही टक्के अधिकमध्ये दिसतो. ते सेन्सर नीट काम करत असल्याचं लक्षण आहे. ट्रिम दहाच्या वर जात असेल तर मात्र कारण शोधा.

सेन्सरला खरोखर मारणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. इंजिन ऑइल खात असेल, हेड गॅसकेटमधून कूलंट जळत असेल, किंवा कुणी इंजिनावर साधा सिलिकॉन गॅसकेट पेस्ट थापला असेल, तर टोकावर थर बसतो. पावसाळ्यात तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात घातली की थंड पाणी लागून आतली टोपी तडकते, खालच्या सेन्सरला हे जास्त होतं. शिसं पूर्वी मारायचं, पण देशात २००० सालापासून शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं.

आता पाना धरा

नवा सेन्सर घेताना जुन्यावर कोरलेला नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर दोन्ही दुकानदाराला द्या. पुढचा आणि मागचा दिसायला सारखे असले तरी वायरीची लांबी आणि कपलर वेगळे असतात. "हाच बसते, वायर कापून जोडून घ्या" असं कुणी म्हणालं तर शक्यतो टाळा. झिर्कोनियाच्या टोपीत बाहेरची हवा जाते म्हणाले ना, ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरीच्या तारांमधल्या फटींतून जाते. सोल्डर मारलं की ती वाट बुजते, सेन्सरचा श्वास कोंडतो आणि तो नवा असून चुकीचं बोलायला लागतो. कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही ते याच कारणाने. जोडावीच लागली तर क्रिंपचे, म्हणजे दाबून बसवायचे, सांधे आणि वरून श्रिंक स्लीव्ह, एवढंच.

आदल्या रात्री गाडी थंड असताना सेन्सरच्या मुळाशी, जिथे तो नळीत शिरतो तिथे, गंज सोडवणारं तेल मारा. गरम मॅनिफोल्डवर मारू नका, पेट घेतं. सकाळी खालच्या सेन्सरसाठी गाडी उचलायची असेल तर जागा नीट निवडा. आपल्या काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो, भेगा पडलेल्या उन्हाळ्यातसुद्धा. सिमेंटचं अंगण नसेल तर जॅकखाली सागाची जाड फळी घाला, चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि स्टँडशिवाय गाडीखाली जाऊ नका. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली मी कुणालाही जाऊ देत नाही, बाबांनाही नाही.

कोड लिहून घ्या, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. कपलर आधी काढायचा, सेन्सर नंतर. कपलरची कडी जोराने ओढली तर तुटते. अंगठ्याने आत दाबून धरा आणि मग हलवा. वायर कुठल्या क्लिपमधून गेली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, परत लावताना कामी येतो.

पाना बहुतेक गाड्यांत बावीसचा लागतो. एका बाजूने चीर दिलेला गोटी पाना मिळतो, वायर त्या चिरेतून बाहेर येते. तो नसेल आणि सेन्सर नक्की मेलेला असेल, तर वायर कापून बावीसचा साधा रिंग पाना घाला, चालतो. उघड्या तोंडाचा चपटा पाना नको, कोपरे गोल करून टाकतो, आणि मग सेन्सर काढायला पाईप पाना आणि अर्धा दिवस.

इथे माझी रीत अशी आहे. बॅटरी आणि कपलर सोडायच्या आधीच इंजिन चार-पाच मिनिटं चालवते, बंद करते, पाच-सात मिनिटं थांबते. धातू कोमट राहायला हवा, हातमोजा घालून बोट टेकवलं तर सहन होईल एवढा. गार असताना आटे घट्ट धरून बसतात, फार गरम असताना हात भाजतो आणि आटे ओरबाडले जाऊ शकतात. पान्याला झटका नाही, हातोडी तर नाहीच. सलग ताण द्यायचा. एक "टक्" असा आवाज येतो, तो कानाला कळतो. पाव फेरा सुटला की तिथेच थांबायचं, तेलाचे दोन थेंब, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. असं तीन-चार वेळा केलं की गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर येते आणि पुढे तो हाताने फिरतो. सरळ ओढत गेलात तर तीच भुकटी आट्यांत अडकते आणि सेन्सरबरोबर मॅनिफोल्डचे आटेही बाहेर येतात. मी शिकत असताना एकदा हे माझ्या हातून झालंय. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, तो आपून सोडाले तयार नाई तोवर त्याले ओढायचं नाई." आटे थोडे खराब झाले असतील तर अठरा बाय दीडचा टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, ग्रीस लावून हळूहळू फिरवा, ग्रीसमुळे कचरा टॅपला चिकटतो, नळीत पडत नाही.

बाहेर आलेल्या सेन्सरचं टोक उन्हात धरून बघा. फिकट करडं किंवा तपकिरी असेल तर तो वयानेच थकलाय. काजळीसारखं काळं मऊ असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. तेलकट, कडक काळं म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरी भुकटी म्हणजे सिलिकॉन, हिरवट-पांढरी असेल तर कूलंट. शेवटच्या तिन्हींत मूळ दुखणं दुरुस्त न करता नवा सेन्सर घालाल तर तोही त्याच वाटेने जाईल. आणि टोक पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊन परत घालायचा उद्योग करू नका.

नव्याच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच राखाडी पेस्ट लावलेली असते, तशी असेल तर वरून काही नको. नसेल तर सेन्सरसाठीची अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारी पेस्ट, फक्त आट्यांवर, टोकाला कणभरही नाही. टोकाला बोट लावू नका. हातातून फरशीवर पडला तर आतली टोपी तडकलेली असू शकते, बाहेरून काही दिसत नाही.

बसवताना वायर मोकळी ठेवा, कपलर जोडलेला नको, नाहीतर सेन्सर फिरतो तशी वायर पिळत जाते. हाताने आटे लावा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरायला हवेत, अडत असेल तर तिरका लागलाय, काढून परत लावा. वॉशर टेकला की पाना. बहुतेक सेन्सरना आवळायचा ताण ३५ ते ४५ न्यूटन मीटर सांगितलेला असतो, तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तोच आकडा धरा.

हा ताण मोजून दाखवणारा टॉर्क पाना गावात कुणाकडे असतो? आमच्याकडेही सुरुवातीला नव्हता. पण कापूस वेचणीचा हिशोब करायला घरोघरी स्प्रिंगचा ताणकाटा असतो, आडव्या काठीला टांगून संध्याकाळी बायांची गाठोडी मोजतात तो. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला काट्याचा हूक अडकवायचा आणि पान्याला काटकोनात ओढायचं. काटा तेरा-साडेतेरा किलोवर आला की झाले ४० न्यूटन मीटर. मी पहिल्यांदा हे आईच्या काट्यावर केलं, आणि मग टॉर्क पाना आल्यावर ताडून बघितलं. बरोबर जुळलं. एकदा हाताला तो ताण कळला की पुढे काटा नसला तरी अंदाज चुकत नाही.

वायर जुन्याच वाटेने न्या, फोटो बघून. नळीला किंवा शाफ्टला टेकायला नको. क्लिप तुटली असेल तर केबल टाय लावा, पण सायलेन्सरपासून चार बोटं लांब. कपलर "टक्" आवाज येईपर्यंत दाबा, बॅटरी जोडा, स्कॅनरने कोड पुसा.

इंजिन चालू करून खाली कान द्या. सेन्सरच्या मुळाशी "फस्स" ऐकू आलं तर वॉशर बसलेला नाही. इंजिन गरम झालं की परत लाइव्ह डेटा, पुढचा नाचतोय आणि मागचा शांत आहे ना ते बघा. मग तीस एक किलोमीटर फिरवून आणा, त्यात थोडा वेळ हायवेवर एकाच वेगाने, थोडा गावातून थांबत-चालत, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या सगळ्या तपासण्या पूर्ण करतो. आम्ही इथून करंजीपर्यंत नेऊन आणतो.

घरी गेल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, किलोमीटर आणि कुठला सेन्सर बदलला ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही हातात गेली तरी त्याला कळेल. आणि कापूस विकला जाईपर्यंत गाडी त्या खोलीपासून लांब उभी करा.